तीन जावांचं एकमत

माझ्या पदाचं नाव समन्वय अधिकारी. नेमकं काय करतेस, असं कोणी विचारलं तर मी सांगते, मी लोकांना फोन करते आणि शेजारच्याला फोन करा म्हणून सांगते. ऐकणारे हसण्यावारी नेतात. पण काम खरंच तेवढंच आहे, आणि तेवढंही कोणी आपणहून करत नाही म्हणून आमचं अख्खं ऑफिस उभं आहे.

आमच्या प्रदेशात तीन नगरपालिका एकमेकींना चिकटून आहेत. ऑफिसात आम्ही त्यांना जावा म्हणतो. थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीचं शहर जुनं, त्यामुळे जग आपल्यापासून सुरू झालं अशी तिची समजूत. मधलीकडे कारखाने, म्हणून तिचा तोरा वेगळा. धाकटी काल-परवापर्यंत खेडं होती, पण तिचा मोती नाकापेक्षा जड. तिघींच्या डोक्यावर राज्याची खाती. पाणी, रस्ते, वीज, प्रदूषण. ही सगळी मिळून सासू. सासू बोलत नाही, पत्र पाठवते.

तिघींचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरली आपल्या हद्दीपर्यंत पाण्याचा पाइप आणते आणि बूच मारून निघून जाते. पुढचा रस्ता मधलीने नुकताच गुळगुळीत केलेला असतो, तो ती खणू देत नाही. आणि धाकटी दोघींकडे तहानेलं तोंड करून बघत असते. हे असं वर्षानुवर्षं चाललंय. मी बैठका घेते. बैठकीला जो येतो त्याला हो म्हणायचा अधिकार नसतो आणि नाही म्हणायची हिंमत नसते. तो म्हणतो, "वर कळवतो." एवढं ऐकायला मी सकाळी आंघोळ करून, साडी नेसून जाते.

आमचे संचालक सगळ्याला "होईल" म्हणतात, म्हणून त्यांना आम्ही होईलसाहेब म्हणतो. माणूस गोड. इतका गोड की त्यांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर, आपण नेमकं कशासाठी गेलो होतो, ते आठवायला लागतं.

यंदा तिन्ही नगरपालिकांचा मिळून एकच प्रादेशिक आराखडा करायचा, असा वरून हुकूम आला. तिघींनी आपापले नकाशे पाठवले. या नकाशांची एक रीत आहे. हद्दीच्या आत सगळं रंगवायचं, घरं पिवळी, कारखाने करडे, बागा हिरव्या, आणि हद्दीबाहेर पांढरं सोडायचं. आपल्या वेशीपलीकडे जगच नाही, अशा थाटात. आमचा नकाशे करणारा म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर आपोआप जुळतात." कशाला जुळतील? एकीचा पिवळा दुसरीचा केशरी होता. मग मी तिन्ही नकाशे मोठे छापून घेतले, बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, चपला काढल्या आणि जमिनीवर गुडघे टेकून कड कडेला जोडत बसले.

जांभळा रंग कचरा डेपोचा. हा जांभळा तिघींच्याही नकाशात गावापासून जितका लांब नेता येईल तितका लांब, पार कडेला होता. यात नवल नाही. केर उंबऱ्याबाहेर लोटायचा ही खोड जुनीच आहे. पण तिघींच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे थोरलीचा जांभळा, मधलीचा जांभळा आणि धाकटीचा जांभळा असे तीन ठिपके एका छोट्या पांढऱ्या तुकड्याभोवती कोंडाळं करून बसले होते. तो पांढरा तुकडा मला तोंडपाठ होता. तिथे माझ्या ताईचं घर आहे.

जुन्या वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची ती वस्ती. भट्टी बंद पडली, माणसं राहिली. घरं पक्की झाली, एक शाळा झाली, विहीर तर भट्टीच्या आधीपासूनची. ताई लग्न होऊन तिथे गेली, भाऊजी नळांची कामं करतात. वस्ती थोरलीच्या हद्दीत. पण थोरलीपासून ती लांब आणि मधलीला जवळ, म्हणून ती मधलीकडे द्यायचं ठरलं होतं. थोरलीने ठराव केला, मधलीने ठराव केला, आणि राज्याचा शेवटचा हुकूम मात्र सासूच्या कुठल्याशा टेबलावर पडून राहिला. थोरलीने ठराव होताच नव्या नकाशातून वस्ती वगळली. मधली म्हणाली, हुकूम आल्यावर दाखवू. म्हणजे एकीने सून माहेरी धाडली आणि दुसरीने दार उघडलं नाही. ती बिचारी रस्त्यात.

मला आठवलं, गेल्या वर्षी ताईला घरपट्टीचं बिल आलं नव्हतं. भाऊजी खूश झाले होते. म्हणाले होते, "विसरले वाटतं आपल्याला."

रविवारी मी ताईकडे गेले. ताई गच्चीवर होती. वरती एक खोली चढवायचं काम चाललं होतं, लेकीचं लग्न ठरलं होतं आणि जावई इथेच राहणार होता, त्याची नोकरी मधलीच्या कारखान्यात. ताई पदर खोचून नव्या भिंतींवर पाणी मारत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने नळी बंद केली नाही. नुसतं विचारलं, "तिन्ही? तिन्ही बाजूंनी?"

"हो."

"आणि विहिरीचं काय?"

तिन्ही डेपोंची जमीन उंचावर आहे, उतार सगळा वस्तीकडे. पाऊस पडला की कचऱ्यातून झिरपणारं पाणी कुठे येणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

"तू बोल ना मग," ताई म्हणाली. "तुझं कामच आहे ते. सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं."

"बोलते."

"तुझ्या भाऊजींना आत्ता सांगू नकोस. गवंड्याला थांबवतील." ती पुन्हा भिंतीकडे वळली.

सोमवारपासून मी फोनला चिकटले. थोरली म्हणाली, ती जागा आता आमची नाही. मधली म्हणाली, ती जागा अजून आमची नाही. धाकटी म्हणाली, ती जागा कधीच आमची नव्हती. तिघी खरं बोलत होत्या, हेच तर डोक्यात जाणारं होतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. नियमाने खरं बोलणाऱ्या माणसापुढे आपणच मूर्ख ठरतो. वस्तीच्या हस्तांतराचा हुकूम कुठे अडलाय हे शोधायला मी राज्याच्या खात्यात गेले, तर तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तो प्रस्ताव प्रादेशिक आराखडा मंजूर झाल्यावर विचारात घेतला जाईल. मी म्हटलं, "आराखडा मंजूर झाला की तिथे कचरा पडेल हो." त्या म्हणाल्या, "तो विषय वेगळ्या शाखेचा." घोडं कुठे पेंड खातं ते कळलं, पण त्या घोड्याला तबेल्यातून हलवायचा अधिकार कोणालाच नव्हता.

शेवटी आराखड्याची मोठी बैठक आली. या खेपेला वर कळवणारे नव्हते, वरचे स्वतः आले होते. थोरलीचे अभियंता, निवृत्तीला टेकलेले, नीटनेटके, पेनाचं टोपण सारखं काढणारे आणि लावणारे. मधलीचे अभियंता, जाडजूड, सतत फोनवर. धाकटीच्या मुख्याधिकारी बाई, तरुण आणि घाईत. प्रदूषण खात्याचे एक साहेब. आणि मध्यभागी होईलसाहेब, सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या पुढे करत.

मी जोडलेला नकाशा भिंतीवर लावून ठेवला होता. माझा विषय आला तेव्हा मी उठले आणि सरळ बोलले. हे तीन डेपो, ही मधोमधची वस्ती, हा उतार, ही विहीर. वेगवेगळ्या कागदांवर दिसत नाही, जोडल्यावर दिसतं.

थोरलीच्या अभियंत्यांनी टोपण लावलं.

"ही वस्ती आमच्या नकाशात नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच तर मी उभी आहे साहेब. ती कोणाच्याच नकाशात नाही."

मी प्रदूषणवाल्या साहेबांकडे वळले. "वस्तीपासून अमुक अंतर सोडूनच डेपो, असा तुमचा नियम आहे ना? तिन्ही जागांना तुमची मान्यता कशी?"

"नियम आराखड्यात दाखवलेल्या वस्तीपासूनच्या अंतराचा आहे," ते म्हणाले. "वस्ती दाखवलेली नसेल तर अंतराचा प्रश्न उद्भवत नाही."

"तुमच्यापैकी कोणी तिथे गेलं होतं का?"

"आम्ही आराखडा तपासतो. जागा तपासायचं काम स्थानिक संस्थेचं."

"आणि स्थानिक संस्था कोणती?"

त्यांनी तिघांकडे पाहिलं. तिघांनी नकाशाकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तिथे माणसं राहतात. शाळा आहे. माझी सख्खी बहीण राहते तिथे."

हे बोलायला नको होतं असं नंतर मला ऑफिसात दोघातिघांनी समजावलं. का नको? माझी बहीण राहत नसती तर मी तो पांढरा तुकडा ओळखला असता का? या लोकांच्या बहिणी तिथे राहत नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक. होईलसाहेब मात्र लगेच सावरून घेत म्हणाले, "मॅडम, व्यक्तिगत नको आणू या." आणि उठून नकाशाजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आशा वाटली. वाटलं, दिसलं यांना.

दिसलं होतंच. त्यांनी एक बोट थोरलीच्या जांभळ्यावर ठेवलं, तिथून मधलीच्या, तिथून धाकटीच्या, आणि मग ते बोट मधोमध आणून टेकवलं.

"अरे वा," ते म्हणाले. "मग तीन छोटे डेपो कशाला? एकच मोठा करू या की. जागा सलग आहे. मधला तुकडाही कोणाचा नाही."

मला वाटलं, आता तरी कोणी बोलेल. मधलीच्या अभियंत्यांनी फोन खाली ठेवला. "एकच यंत्र लागेल," ते म्हणाले. थोरलीचे म्हणाले, "मान्यताही एकच." प्रदूषणवाले साहेब म्हणाले, एकत्रित प्रकल्प असेल तर खात्याचं धोरण अनुकूलच आहे. धाकटीच्या बाईंनी घड्याळ बघत सांगितलं की आमची काहीच हरकत नाही. इतकी वर्षं एका पाइपाच्या बुचावरून ज्यांचं पटलं नाही, त्यांचं चहा यायच्या आत एकमत झालं.

"आणि तिथले लोक?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"अतिक्रमण असेल तर नियमानुसार बघू," थोरलीचे अभियंता म्हणाले.

अतिक्रमण! ज्यांनी परवापर्यंत ताईकडून घरपट्टी घेतली, त्यांच्याच तोंडून. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "साहेब, तुमच्याच ऑफिसच्या पावत्या आहेत त्यांच्याकडे." ते म्हणाले, "जुन्या असतील." आणि ते टोपण पुन्हा उघडलं.

होईलसाहेब खुर्चीत बसत म्हणाले, "प्रादेशिक समन्वय म्हणजे काय, ते आज दिसलं. आणि याचं श्रेय आपल्या मॅडमना. त्यांनी नकाशे जोडले नसते तर या जागा लागून आहेत हे आपल्या लक्षातच आलं नसतं." त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. कोणी छद्मी हसलं असतं तर परवडलं असतं. पण ते सगळे मनापासून वाजवत होते.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जोडलेला नकाशा जरा सुबक करून द्या म्हणाले, मधला भागही जांभळा करून, वर पाठवायचा आहे. मी म्हटलं, मी तो रंग भरणार नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "असू दे, तुम्ही दमलात. तो नकाशेवाला भरेल." आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेने, "ताईंचं बघू या आपण. कुठे ना कुठे होईल सोय."

त्या मायेचा मला जितका संताप आला, तितका त्या टोपणाचाही आला नव्हता. एका घराची सोय करून ते अख्खी वस्ती पुसणार होते, आणि वर मी त्यांचे आभार मानावेत अशी अपेक्षा. मी बाहेर आले. पर्स उचलली आणि बस पकडून थेट ताईकडे गेले.

वरच्या खोलीवर छप्पर चढलं होतं. भाऊजी खाली दारात बसून एका जुन्या नळाचे आटे साफ करत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दोघांसमोर सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. भाऊजींनी नळ बाजूला ठेवला.

"तर मग मी जाऊ कुठल्या ऑफिसात?" त्यांनी विचारलं. "तू सांग. तुला माहीत असतं कुठलं काम कुठे होतं ते."

सगळा प्रदेश मला हेच विचारतो. दिव्याच्या खांबासाठी कुठे, गटारासाठी कुठे, दाखल्यासाठी कुठे, मी झोपेतून उठून सांगेन. भाऊजींना काय सांगणार? थोरली म्हणेल मधलीकडे जा, मधली म्हणेल थोरलीकडे जा, आणि माझ्या ऑफिसात गेले तर तिथे मीच बसलेली. भाऊजींनी माझ्याकडे बघायचं सोडून दिलं, ते फार लागलं.

ताई म्हणाली, "आधी तिघी वेगवेगळ्या होत्या."

"हो."

"तेव्हा तीन डेपो व्हायचे होते. पण तुझ्या त्या जावा. एकीने सुरू केलं की दुसरी आडवी येणार. बरीच वर्षं गेली असती त्यात."

"गेली असती."

"आता तिघी एक झाल्या." ती हे दोष देण्यासाठी बोलत नव्हती. ताई कधीच दोष देत नाही, हिशोबाने बोलते, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं. "आजपर्यंत तुझ्या बैठकीत कोणी एक झालं नव्हतं ना चिमे? रडत यायचीस."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. खरंच होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी घसा फोडला, ती आज झाली, आणि माझ्याच माणसांच्या उरावर झाली. इतकी वर्षं मी या तिघींची भांडणं शिव्या घालत निस्तरत आले. आणि आज कळत होतं की ताईच्या विहिरीचं पाणी आतापर्यंत गोड राहिलं ते कुठल्या कायद्याने नाही, कुठल्या साहेबाच्या सद्बुद्धीनेही नाही, या तिघींच्या भांडणामुळे राहिलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिघींच्या भांडणात चौथ्याचा जीव होता. हा कुठला न्याय? न्याय नव्हेच. पण दुसरं काही या प्रदेशात मिळत नाही, हे मी फोनवर फोन करून पाहिलं होतं.

आणि ती भांडणं माझ्याइतकी कोणाला ठाऊक आहेत? कोण कशावरून उखडतं, कोणाच्या शेपटीवर पाय पडला की कोण फुत्कारतं, हे मी रोज बघते, ते विझवायचा पगार घेते. विझवणाऱ्याला पेटवता येत नाही असं थोडंच आहे. मी पर्समधून फोन काढला आणि पायरीवर बसूनच थोरलीच्या अभियंत्यांना लावला.

"अभिनंदन साहेब. आजची बैठक छान झाली."

"तुमच्यामुळेच," ते म्हणाले. खुशीत होते.

"टिपण लिहायला बसणार आहे, एक बारीक शंका होती. डेपोला जायचा मोठा रस्ता एकच आहे ना, तुमच्या बाजूने येणारा? मधलीकडून पायवाट आहे, आणि धाकटीकडून तर नालाच आडवा येतो."

"बरोबर."

"म्हणजे मधलीचे आणि धाकटीचे कचऱ्याचे सगळे ट्रक तुमच्या बाजारपेठेतून जाणार. रोज. तसं लिहू ना?"

पलीकडे टोपणाचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. रस्ता तसाच आहे, मी त्यावरूनच आले होते.

"आमच्या बाजारपेठेतून?" ते म्हणाले. "मधलीचे ट्रक?"

"दुसरीकडून येणार कसे?"

"हे बैठकीत कोणी बोललं नाही."

"नाही बोललं कोणी."

"मॅडम, टिपण थांबवा. आमची संमती त्यात लिहू नका अजून. मी उद्या आमच्या अध्यक्षांशी बोलतो. त्यांच्या ट्रकांची घाण आम्ही का सोसायची? आधीच त्यांनी आमचा पाइप अडवून ठेवलाय." आवाज तापत चालला होता. "आणि हे मधलीवाल्यांच्या डोक्यातून आलंय, मला माहितेय."

"मला काही कल्पना नाही साहेब. मी फक्त विचारलं."

मी फोन ठेवला. भाऊजी माझ्याकडे बघत होते. आतून ताई चहाचा कप घेऊन आली, तो माझ्या शेजारी पायरीवर ठेवला आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"आता मधलीला लाव," ती म्हणाली.